पानांना पडलेली भोकं

“आजी, तुमच्या टाकीत गोगलगायी झाल्यात,” वकीलसाहेब म्हणाले. डोक्यात उवा झाल्यात म्हणतात ना, त्या सुरात. आवाज खाजगी, पण बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. मी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून काच आतून पुसत होते, ती तशीच थांबले. गालाला रुमाल लावून बसलेल्या एका बाईंनी रुमाल खाली घेतला, टाकीकडे पाहिलं आणि आपली पर्स मांडीवर ओढून घेतली, जणू गोगलगायी आता उडीच मारणार होत्या. मला त्या दिसल्या नव्हत्या असं नाही. कितीतरी दिवस मी त्यांना बघत होते. काचेवरून सरकताना त्यांचं पोट कसं लाटेलाटेनं हलतं, बारीकसं तोंड कसं उघडतं आणि मिटतं, हे मला पाठ झालं होतं. पण आपल्या घरातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती आपली राहत नाही. तोवर ती टाकीतली एक हालचाल होती. त्या वाक्यानंतर ती लागण झाली.

दवाखाना माझ्या मुलीचा. ती दातांची डॉक्टर आहे. आतल्या खोलीत ती, तिची ती पाठीमागे कलणारी खुर्ची, डोक्यावरचा दिवा. बाहेरच्या खोलीत दोन बाक, लवंगेच्या तेलाचा वास, दाराआडून येणारी मशिनची किरकिर आणि या दोन खोल्यांच्या मधे ही टाकी. दवाखाना उघडला तेव्हा मुलीनंच ती आणवली होती, घाबरलेल्या माणसाला बघायला काहीतरी हवं म्हणून. तेव्हा आत प्लॅस्टिकची झाडं होती. एक गुलाबी होतं. मी वर्षभर ते गुलाबी झाड सहन केलं, मग एक दिवस टाकीवाल्याला म्हटलं, खरी झाडं नाही का मिळत? तो म्हणाला, मिळतात, पण आजी, ती वाढतात. म्हटलं, वाढू दे की, मी आहे. तेव्हापासून टाकी माझी. खाली गवतासारखी हिरवळ, मधे रुंद पानांची रोपं, मागे लांब देठाची, पाण्यातल्या पाण्यात केस सोडल्यासारखी हलणारी. आत खुर्चीवर बसायला घाबरणारी माणसं या हिरव्या चौकोनाकडे बघत बसायची आणि नाव पुकारलं की थोडी नाराज होऊन उठायची. एकदा एक गृहस्थ म्हणाले होते, “दुसऱ्याला घ्या आधी, मला घाई नाही.” दाताच्या दवाखान्यात हे वाक्य कुणी ऐकलंय?

“पानं बघा,” वकीलसाहेबांनी बोटानं काचेवर टकटक केलं. मासे दचकून पळाले. “चाळण झालीय नुसती. भोक आहे, भोकाशेजारी गोगलगाय आहे. आणखी काय पुरावा पाहिजे?”

“जुनी पानं आहेत ती.”

“जुनं झालं म्हणून भोकं पडतात? मग मला नको पडायला?”

“तुम्हाला पडलीत म्हणून तर इथे बसलाय.”

बाकावर हसू पसरलं. वकीलसाहेबही हसले, एका बाजूनंच, दुसरी बाजू दुखत होती. पण ते हटणारे नव्हते. त्यांच्या घरीही एकेकाळी टाकी होती, अशीच झाडांची. कुठल्याशा रोपाबरोबर एक गोगलगाय आली, बघता बघता काच काळी झाली, एकेक रोप झडलं. आता ती टाकी रिकामी आहे आणि तिच्यात ते जुन्या खटल्यांचे कागद ठेवतात. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला आणि मला त्यांचा राग करता येईना. “दिसायला बापुडवाणी,” ते म्हणाले, “पण म्हण उगाच नाही आजी. गोगलगाय आणि पोटात पाय.”

“पोटात का होईना, पाय आहेत म्हणून तर चालते ती,” मी म्हटलं. पण तोवर आतलं दार उघडलं होतं आणि दारात माझी मुलगी उभी होती, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढलेली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती टाकीकडे बघत होती, आणि खूप दिवसांत प्रथमच बघत होती.

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर ती हात धूत म्हणाली, “आई, टाकी काढून टाकू या. शनिवारी टाकीवाल्याला बोलावलंय. तिथे टीव्ही लावू.” मी म्हटलं, कमी करते ना मी; काकडीचा काप टाकला की तासाभरात सगळ्या त्याच्यावर गोळा होतात, काप उचलला की झालं. “कमी-जास्तीचा प्रश्न नाही गं. पानं खाल्लीत त्यांनी. तोंड साफ करून घ्यायला येणारा माणूस बाहेर किडकी पानं बघतो, त्याला काय वाटत असेल?” मी म्हटलं, त्यांनी नाही खाल्ली. “मग कोणी खाल्ली?” आतली मदतनीस बाई ट्रे पुसत होती. तिला मी चिमटा म्हणते, कारण ती डॉक्टरीणबाईंच्या हातात चिमटे देते आणि बाकीच्यांना काढते. ती म्हणाली, “आजींना ना, गोगलगायींचा पुळका आलाय.” मुलगी हसली नाही, पण तिनं चिमटाला गप्पही केलं नाही. हात पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणि तूसुद्धा आता घरी आराम कर. किती दिवस बसचे धक्के खात येणार? हा विषय संपला, आई.” मी पदराला हात पुसला आणि माझी पिशवी उचलली.

टाकी जाणार याचं एक वाईट वाटणं होतं; ते मी गिळलं असतं. पण टाकी गेली की मी कशाला यायचं? घरात आम्ही दोघीच, जावई जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. ती सकाळी निघाली की घराला कुलूप लागल्यासारखं होतं. फक्त मी आत. दवाखान्यात मला काम होतं. कुणी विचारलं, “आजी, तुमचा नंबर कितवा?” तर मी म्हणू शकत होते, “मी इथली आहे.” हे वाक्य मी दिवसातून दोनतीनदा तरी म्हणायची आणि दरवेळी मला ते आवडायचं. शनिवारनंतर मला ते म्हणता येणार नव्हतं. हे सगळं मी तिला सांगू शकले असते. सांगितलं नाही. मी तिला कधी काही दोनदा सांगितलेलं नाही आणि स्वतःसाठी तर एकदाही मागितलेलं नाही. हा माझा गर्व आहे, आणि म्हातारपणी माणसाकडे दुसरं काय उरतं जे रोज सकाळी उठून अंगावर घालता येईल?

मी आयुष्यभर रफूचं काम केलं. एका मोठ्या लाँड्रीत, रस्त्याकडच्या काचेला लागून माझं टेबल होतं. मालकानं मुद्दामच तिथे ठेवलं होतं. एक तर उजेड चांगला, आणि दुसरं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं की इथे असंही काम होतं. माणसं थांबून बघायची. मी वर बघायची नाही. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा ओढून काढायचा, भोकाभोवती उभे धागे मांडायचे, मग आडवे, एक वर एक खाली, जसं विणकरानं विणलं होतं अगदी तसंच, फक्त एका मसुराच्या डाळीएवढ्या जागेत. काम झालं की मालक यायचा, कापड उजेडात धरायचा, उलटं करून मागची बाजू बघायचा आणि काही न बोलता ढिगातलं पुढचं कापड माझ्या हातात द्यायचा. हीच शाबासकी. नवीन आलेल्या बायकांना वाटायचं, मालक खडूस आहे. मला मात्र कळायचं. काम चुकलं असेल तर तो बोलायचा, आणि मग दुकानभर ऐकू जायचं.

मुलीचे वडील ती शाळेत जायच्या आधीच गेले. त्यामुळे ही त्या टेबलाखालीच वाढली म्हणायला हरकत नाही. शाळा सुटली की यायची, दप्तर टाकायची, टेबलाखाली माझ्या पायांशी बसायची. मी तिला वरून चिंध्या द्यायची. रफू न होण्यासारखे, फेकायचे तुकडे. आणि विचारायची, “हे भोक कुणाचं?” हा आमचा खेळ होता. रफू करणाऱ्या बाईनं सुईत धागा ओवायच्या आधी हे विचारलंच पाहिजे. न विचारता भोक बुजवायला घेणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक, आणि नवीन बाई ती हमखास करते. छान रफू करते, आणि पुढच्या महिन्यात तोच कोट शेजारच्या भोकासकट परत येतो, कारण आत कापड खाणारी कसर तशीच असते. उत्तर असतं ते भोकाच्या कडेला. कसर खाते तेव्हा कड स्वच्छ असते, धागे कातरल्यासारखे, आणि भोवती हात फिरवला की बारीक वाळूसारखं काहीतरी लागतं. ठिणगी उडाली असेल तर कड कडक. खिळ्यात अडकलं असेल तर एका बाजूचे धागे लांब. औषध सांडलं असेल तर कड भुसभुशीत, बोट लावलं की आणखी झडते; ते भोक आतून आलेलं असतं, कापडच खचलेलं असतं. ही पोर टेबलाखाली अंधारात बसून नुसत्या बोटानं सांगायची. “कसर,” खालून आवाज यायचा. “खिळा.” “विडीचं आहे आई, वास घे.” चुकायची ती, पण फार थोडी. मी हसायची नाही. वरून पुढची चिंधी सोडायची.

एकदा एक गृहस्थ आपला लोकरी कोट घेऊन भांडायला आले होते. बाहीवर भोक, आणि भोकाच्या शेजारीच कसरीचं मेलेलं पाखरू, चिकटलेलं. तुमच्या दुकानात कसर आहे, ती माझ्या कोटाला लागली, असा त्यांचा मुद्दा. पाखरू समोर होतं, भोक समोर होतं, दुकानात गिऱ्हाइकं उभी. मालकानं कोट माझ्यासमोर ठेवला. मी कडेवरून बोट फिरवलं. कड कडक होती, गाठ आल्यासारखी. सिगारेट होती ती. पाखरू नंतर कुठूनतरी येऊन तिथे मेलं होतं, बिचारं. मी मालकाच्या कानात सांगितलं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर चारचौघांत त्या गृहस्थांची फजिती केली असती. मालक म्हणाला, “आम्ही रफू करून देतो. फक्त कसरीचं नाही हे, एवढं लक्षात असू द्या.” ते गृहस्थ आपल्या बोटांकडे बघत राहिले, बोटं पिवळी होती. पुढे कित्येक वर्षं ते कपडे आमच्याकडेच टाकायचे. हे मी इतकं लांबण लावून सांगते आहे कारण त्या आठवड्यात टाकीसमोर बसून मी हेच आठवत होते. जे भोकाजवळ सापडतं त्यानंच भोक पाडलेलं असतं असं नाही. कधीकधी ते नुसतं तिथे मरायला आलेलं असतं, कधी जेवायला.

माझी नणंद त्या काळात म्हणायची, “वहिनी, भोकं बुजवून कुणाची मुलगी डॉक्टर होते का?” वन्सं आता नाहीत. असत्या तर त्यांना दवाखान्यात आणून बसवलं असतं आणि सांगितलं असतं, झाली. आणि तीही भोकंच बुजवते.

बुधवार, गुरुवार मी टाकीसमोर स्टूल ओढून बसून राहिले. चिमटा जाता-येता म्हणायची, “काय म्हणतायत तुमच्या गायी?” मी भिंग घेऊन बघत होते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, दुसऱ्याचा अजून पिकतो आहे. एका डोळ्यानं टाकी हिरवी दिसते, दुसऱ्यानं चहाच्या रंगाची. एकेकाळी मला काळ्या कापडावर काळा धागा दिसायचा, आणि आता मी एका पानाच्या कडेकडे बघत होते आणि मला ती कधी पिवळसर दिसत होती, कधी नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून तर काहीच ठरत नव्हतं. मी टाकीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आजी, गोगलगायी चांगल्याच. सडकं पान खातात, शेवाळ खातात, माशांनी टाकलेलं खातात, झाडूवाल्याच्या वर काम करतात. फार झाल्या तर समजायचं आपण माशांना फार घालतोय. पण, तो म्हणाला, काही जाती असतात बरं का, ताजी पानंही खातात. माझ्या टाकीतल्या कुठल्या? त्याला फोनवरून कसं कळणार? “शंख चपटा की लांबट? लांबट? मग बहुतेक नाही खाणार,” तो म्हणाला. बहुतेक. या एका शब्दावर मी दोन दिवस काढले.

कारण मला भीती वाटत होती, आणि ती गोगलगायींची नव्हती. मी त्यांच्या बाजूनं का आहे, हे मला नीट कळेना. कड बघून, की नुसतीच? त्या रात्री-पहाटे न सांगता येतात, रोपाला चिकटलेल्या खळीसारख्या पारदर्शक ठिपक्यातून निघतात, उरलंसुरलं खातात, कुणाच्या मधे येत नाहीत, आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, झाल्यात. मनात असं काही यायला लागलं की मी स्वतःला फटकारायची. म्हटलं, बाई, तू गोगलगाय नाहीस. तू पगार घेऊन काम केलंयस. कीव करून निकाल द्यायचा नसतो. कीव आली म्हणून पाखरू सुटलं नव्हतं. कड कडक होती म्हणून सुटलं होतं. पण मग कड मला दिसायला हवी होती. नेमकी ती दिसत नव्हती. आणि जर मला आता कड दिसत नसेल तर मुलगी म्हणते तेच खरं, घरी बसावं.

शुक्रवारी दुपारी दवाखाना रिकामा होता. मुलगी आत जेवत होती. उन्हाची तिरीप बाकावर आली होती आणि टाकीवरचा दिवा नेहमीप्रमाणे लखलखत होता. हा दिवा नवा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मुलीनं लावून घेतला, जुना फार मंद म्हणून. लावला तेव्हा रोपं कशी तरारली होती. आठवड्यात नवी पानं, देठ पाण्याच्या वर यायला लागले. सगळे म्हणाले, वा. मी बाही वर सरकवून हात आत घातला. बघायचं सोडून दिलं आणि बोटं पुढे केली. रुंद पानाच्या एका रोपावरून वरून खाली हात फिरवत आणला. वरची कोवळी पानं रेशमासारखी, अखंड. मधली अखंड. खाली आले तसा हाताला खडबडीतपणा लागायला लागला. बुडाशी असलेल्या जुन्या पानांना नुसती भोकं. दुसरं रोप चाचपलं. तेच. तिसरं. मागच्या लांब देठांनाही तेच, वर काही नाही, खाली चाळण. मी हात पाण्यातच ठेवून हसले असणार, कारण चिमटानं विचारलं, “गुदगुल्या करतायत का?” आयुष्यभर खाणाऱ्या किड्यांशी माझा संबंध आला आहे. कुठला खाणारा कोवळं सोडून जून खातो? आणि एका पानाची कड मी दोन बोटांत धरली. कातरल्यासारखी नव्हती. भुसभुशीत होती. बोट लावलं तशी आणखी झडली.

मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं होतं. आता प्रश्न तो नव्हता. मुलीला जाऊन सांगायचं, बघ, माझं बरोबर आहे? ती म्हणाली असती, बरं आई, तुझं बरोबर. माझ्या वयाच्या माणसाला असलं बरोबर फार वेळा मिळतं, गोळीबरोबर पाणी मिळावं तसं. ते नको होतं मला.

शनिवारी सकाळी टाकीवाला नळी आणि बादल्या घेऊन आला आणि दारातच थांबला, कारण आत वकीलसाहेब होते. त्यांच्या दाढेचं शेवटचं काम होतं. भूल दिलेली, ती चढेपर्यंत थांबायचं होतं. मुलगी खुर्चीशेजारी उभी राहून मोजे चढवत होती. मी टाकीतलं बुडाचं एक पान कापलं. सगळ्यात वाईट. ओल्या कापसावर पसरलं आणि कापूस तळहातावर घेऊन आत गेले. आत मी कधी जात नाही. ती तिची जागा. चिमटानं भुवया उंचावल्या. मी तो कापूस आरसा आणि आकड्यांच्या शेजारी, स्टीलच्या ट्रेमधे ठेवला.

“आई, हे काय? पेशंट आहे.”

मी म्हटलं, “हे भोक कुणाचं?”

तिचे हात मोज्यात अर्धवट गेलेले होते, तिथेच थांबले. हा प्रश्न मी तिला तीसएक वर्षांत विचारला नव्हता. ती मोठ्या शाळेत गेली आणि टेबलाखाली मावेनाशी झाली तेव्हा तो आपोआप बंद पडला होता. ती ओरडेल असं मला वाटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग ट्रेकडे. मग तिनं मोजा पूर्ण चढवला आणि वकीलसाहेबांच्या तोंडावरचा दिवा हातानं वळवून ट्रेवर आणला.

त्या दिव्याखाली ते पान काय दिसलं. प्रत्येक शीर वेगळी. तिनं छोटा आरसा पानाच्या खाली सरकवला आणि टोकदार आकडी हातात घेतली, तिच्या टोकानं भोकाची कड हळूच टोकरली. ती वाकली. तशी वाकते हे मला माहीत नव्हतं. मी तिला काम करताना कधी जवळून बघितलंच नव्हतं. दाराआडून मशिन ऐकायची फक्त. मान डावीकडे कलती, डावा खांदा खाली, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. काचेपाशी टेबलावर मी अशीच वाकायची, आणि हे मला कसं माहीत? मला कुणी सांगितलेलं नाही, काचेत माझं प्रतिबिंब दिसायचं. ती जिभेची सवय मोडावी म्हणून माझी आई मला चापट मारायची. टेबलाखाली बसून हिनं हे कधी उचललं?

“कुरतडलेलं नाही हे,” ती म्हणाली, आमच्याशी नव्हे, पानाशी. “कड मऊ आहे. भोवती पिवळं कडं आहे. आणि हे बघ, इथे भोक पडलेलंच नाही अजून, नुसता टाचणीएवढा ठिपका आहे, पारदर्शक. वरचं साल शाबूत आहे. इथे कुणी तोंड लावलेलंच नाही.” तिनं आकडीचं टोक ठिपक्यावर टेकवलं, ठिपका आत गेला. “आतून खचलंय. वकीलसाहेब, तुमची दाढ अशीच होती. तुम्ही मला पहिल्या दिवशी काय विचारलं होतंत? किडा दिसतो का?”

वकीलसाहेबांनी अर्ध्या तोंडानं काहीतरी म्हटलं. दातात किडा नसतोच, हे ती दिवसातून दहा जणांना सांगते. माणसं भोक बघतात आणि किडा शोधतात.

“गोगलगायी याच्यावर का असतात मग?” चिमटानं विचारलं.

“मेलेलं खायला. ह्या झडलेल्या कडा त्याच साफ करतायत. नसत्या तर पाणी नासलं असतं.” मग ती माझ्याकडे वळली. “जुन्याच पानांना आहेत?”

“जुन्याच. बुडाच्या.”

“वर एकही नाही?”

“एकही नाही.”

दारातून टाकीवाल्यानं तोंड घातलं. म्हणाला, “खायला कमी पडलं झाडाला की असंच होतं, मॅडम. जुन्या पानातलं काढून नव्याला घालतं. जुनं रिकामं होतं. पण इतके दिवस तर पुरत होतं की. एवढ्यात काय बदललं?”

तिनं पानावरून नजर उचलली. दाराच्या फटीतून बाहेरचा टाकीवरचा दिवा दिसत होता, तिनं लावलेला. त्या दिव्याचा दोष मला शुक्रवारी हात पाण्यात असतानाच कळला होता, पण ते मी बोलले नव्हते. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं, टेबलाखालून आवाज यायच्या आधी जी शांतता असायची तसं.

“माझं,” ती म्हणाली. “हे भोक माझं आहे. दिवा वाढवला, झाडं वाढली, आणि खत कुणी वाढवलंच नाही.”

पेशंट खुर्चीत, चिमटा शेजारी, टाकीवाला दारात, आणि ती हे नेहमीच्या आवाजात म्हणाली. आवाज खाली नाही आला. मालक माझ्या कामातली चूक दुकानभर ओरडून सांगायचा, पण आपली असली तरी तेवढ्याच मोठ्यानं सांगायचा. “आज माझी इस्त्री चुकली,” असं मी त्याला भर गर्दीत म्हणताना ऐकलं आहे. अशी माणसं मी आयुष्यात दोन बघितली. दुसरी माझ्या टेबलाखाली वाढली.

“टाकी न्यायची ना मग?” टाकीवाल्यानं बादली खाली ठेवून विचारलं.

“खत काय लागतं ते आईला सांग. आणि दिवा थोडा वर उचलून बांध,” मुलगी म्हणाली. “गोगलगायींना हात लावू नको. किती ठेवायच्या ते ती बघेल.”

खुर्चीतून वकीलसाहेबांनी हात वर केला, कोर्टात करतात तसा. भूल आता पुरती चढली होती, शब्द गालातच अडखळत होते. “शंशयाचा फायदा,” ते म्हणाले. चिमटा खुदकन हसली, आणि तिनं त्यांच्या तोंडाचा कोपरा पुसला. मग त्यांनी मान जरा वळवून मला विचारलं, त्यांच्या घरच्या टाकीची काच अजून तडकलेली नाही, एखादं रोप मिळेल का. मी म्हटलं, मिळेल, पण गोगलगायीसकट मिळेल.

मुलगी अजून पान बघत होती. दिवा ट्रेवरच होता. तिनं ते कापसावर उलटं केलं आणि मागची बाजूही बघितली, शिरांच्या मधे मधे, घाई न करता, जणू बाहेर बाकावर कुणी थांबलेलंच नाही. मला म्हणावंसं वाटलं की बाळ, असं कुणी बघत नाही. वन्संना हाक मारावीशी वाटली. मी यातलं काही केलं नाही. बाहेर गेले, बाही वर सरकवली, टाकीतून दुसऱ्या रोपाचं बुडाचं एक पान कापलं, आणि आत येऊन काही न बोलता ते तिच्या हातात दिलं.